जाहिरातीचा वेष आणि यंत्राची नजर

वृत्तपत्राच्या स्तंभात बातमीसारखा जुळविलेला मजकूर, त्यात एखाद्या औषधी तेलाचे किंवा नव्या गृहयोजनेचे गुणवर्णन, आणि अखेरीस कंसात बारीक टाइपात ‘जाहिरात’ हा एकच शब्द, हा प्रकार मराठी वाचकाला पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. तो शब्द कितीही बारीक असला तरी त्याने एक काम चोख होत असे. वर जे लिहिले आहे ते पैसे देऊन छापून घेतलेले आहे, याची सूचना वाचकाला मिळत असे. मोबाईलच्या पडद्यावर वाचल्या जाणाऱ्या बातम्यांत हा शब्द आता क्वचितच त्या रूपात भेटतो. त्याची जागा ‘प्रायोजित’, ‘ब्रँड स्टुडिओ’, ‘इम्पॅक्ट फीचर’, ‘कन्झ्युमर कनेक्ट’ अशा गोंडस नावांनी घेतली आहे. आणि पुष्कळदा तीही नसतात. अशा वेळी वाचक कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडे वळू लागला, तर नवल नाही. मजकूर यंत्रापुढे ठेवावा आणि ही बातमी आहे की जाहिरात असे त्याला विचारावे, इतके ते सोपे वाटते. हे साधन उपयोगी आहे यात शंका नाही. परंतु त्याच्याकडून नेमके काय मिळू शकते आणि काय मिळू शकत नाही, याचा हिशेब आधी मांडला पाहिजे.

प्रश्न केवळ वाचनाच्या सोयीचा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांना एक जाहीर खुलासा करावा लागला. आपोआप गुंतवणुकीचे व्यवहार करून देणाऱ्या काही ॲपना त्यांचा पाठिंबा आहे, अशा ‘बातम्या’ प्रसृत होत होत्या. या बातम्या नामांकित वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांची नक्कल करणाऱ्या बनावट पानांवर होत्या, आणि त्यांतील काहींत कृत्रिम छायाचित्रांच्या आणि चित्रफितींच्या साहाय्याने रचलेल्या खोट्या मुलाखतीही होत्या. अशा मजकुराचे गिऱ्हाईक कोण असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. निवृत्तीच्या वेळी भविष्य निर्वाह निधीची रक्कम एकदम हाती आलेला लिपिक, मुलाच्या प्रवेशासाठी शिकवणी-वर्गांची माहिती शोधणारा शिक्षक, दुखण्याला कंटाळून नव्या उपचाराची बातमी आशेने वाचणारा रुग्ण, हेच ते गिऱ्हाईक होय. जाहिरात म्हणून जे त्याने सहज बाजूला सारले असते, ते बातमी म्हणून तो खरे मानतो. वेष बदलण्यामागील सारे गणित एवढेच आहे.

जुनेच दुखणे

हे दुखणे संगणकाबरोबर आलेले नाही. अमेरिकेत १९१२ सालीच असा कायदा झाला की, टपालाच्या सवलतीच्या दराचा लाभ घेणाऱ्या वृत्तपत्राने पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ असे स्पष्ट लिहिले पाहिजे. वृत्तपत्रांनी त्याला आव्हान दिले. परंतु तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१३ मध्ये तो कायदा वैध ठरविला. सरकारी तिजोरीतून सवलत घेणाऱ्याने वाचकाशी प्रामाणिक असले पाहिजे, हे त्यामागील तत्त्व साधे होते.

महाराष्ट्राला तर याचा अनुभव अगदी जवळून आलेला आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या काळात तत्कालीन मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा एकच मजकूर, शब्दाला शब्द जुळणारा, परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या तीन मराठी दैनिकांत वेगवेगळ्या तारखांना प्रसिद्ध झाल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून दाखवून दिले. ‘पेड न्यूज’ हा शब्द त्यानंतर घरोघर पोहोचला. भारतीय वृत्तपत्र परिषदेने नेमलेल्या दोन सदस्यांच्या उपसमितीने या व्यवहाराची सविस्तर छाननी केली. परंतु २०१० मध्ये परिषदेने तो संपूर्ण अहवाल प्रसिद्ध न करता त्याचा संक्षेपच पुढे ठेवला. मूळ अहवाल लोकांसमोर येण्यास २०११ साल आणि केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, निवडणूक आयोगाने उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना अशा मजकुराचा खर्च हिशेबात न दाखविल्याबद्दल तीन वर्षांसाठी अपात्र ठरविले. महाराष्ट्रातील प्रकरणात मात्र आयोगाने २०१४ मध्ये केलेली कारवाई दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली.

या दोन प्रकरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. मजकूर एकच आहे हे कोणालाही डोळ्यांनी पाहता येते. परंतु त्यासाठी कोणी, कोणाला, किती पैसे दिले हे सिद्ध करणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट आहे. मजकूर आणि त्यामागील व्यवहार यांतील हे अंतर ध्यानात ठेवूनच यंत्राच्या सामर्थ्याचा विचार करावयास हवा.

वाचक का फसतो?

वाचक भोळा असतो म्हणून फसतो, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या एका प्रयोगात २४२ वाचकांना बातमीच्या रूपातील जाहिरात दाखविण्यात आली; ती जाहिरात आहे हे त्यांपैकी केवळ १७ जणांच्या ध्यानात आले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील इतिहास-शिक्षणाच्या अभ्यासगटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ‘प्रायोजित मजकूर’ असे स्पष्ट लिहिलेले असूनही माध्यमिक वर्गांतील ८० टक्क्यांहून अधिक मुलांनी तो मजकूर खरी बातमी मानला. या मुलांना अक्षरे वाचता येत नव्हती, असे नव्हे. ‘प्रायोजित’ या शब्दाचा अर्थच त्यांना उमगला नाही.

वाचक मजकुराचे मूल्य शब्दांवरून कमी आणि स्थानावरून अधिक ठरवितो. विश्वासातल्या वृत्तपत्राचे नाव वर आहे, मथळ्याचा टाइप तोच आहे, छायाचित्राची मांडणी तीच आहे. मग आतील मजकूरही त्याच संपादकीय चाळणीतून आलेला असणार, असे तो गृहीत धरतो. हे गृहीत धरणे चूक नव्हे. प्रत्येक ओळ स्वतः पडताळून पाहणे शक्य नसते, म्हणूनच तर वाचक वृत्तपत्राला पैसे आणि वेळ देतो.

विश्वासाचा बाजार

अर्थशास्त्रात या परिस्थितीचे एक प्रसिद्ध विवेचन आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर घेणारा सगळ्याच मालाला सरासरी किंमत देऊ लागतो. मग चांगला माल त्या किमतीला परवडेनासा होतो, तो बाजारातून काढता पाय घेतो, आणि मागे खराब माल उरतो. या विचाराबद्दल त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

बातम्यांच्या बाजाराला हे विवेचन तंतोतंत लागू पडते. एखादा मजकूर वार्ताहराने चार ठिकाणी फिरून मिळविला आहे की कंपनीच्या कचेरीतून तयार होऊन आला आहे, हे प्रकाशकाला ठाऊक असते, वाचकाला नसते. दोन्ही एकाच वेषात समोर आले, म्हणजे काही दिवस लबाड मजकुराला खऱ्या बातमीची पत मिळते. आणि पुढे वाचक शहाणा झाला की खऱ्या बातमीलाही लबाड मजकुराची पत मिळू लागते. ‘सगळेच विकले गेलेले आहेत’ हे वाक्य आज चहाच्या टपरीपासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत ऐकू येते, ते याच प्रक्रियेचे फळ होय. जाहिरातदार पैसे मोजतो, प्रकाशक ते घेतो; परंतु विश्वासाची जी झीज होते तिची भरपाई या दोघांपैकी कोणीच करीत नाही. तो बोजा पडतो तो वाचकावर, आणि प्रामाणिकपणे बातमी देणाऱ्या वार्ताहरावर.

यंत्र काय पाहते?

आता यंत्राकडे वळावयास हरकत नाही. बातमी आणि जाहिरात यांच्या भाषेत फरक असतो, आणि तो मोजता येतो. नेदरलँड्समधील संशोधकांनी चार डच वृत्तस्रोतांतून एक हजार बातम्या आणि एक हजार जाहिरात-लेख गोळा करून, केवळ शब्दांच्या वापरावरून त्यांची विभागणी करण्यास संगणकाला शिकविले. यंत्राचे निदान ९० टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर आले. मानवी वाचकाची वर सांगितलेली कामगिरी पाहता हे यश उपेक्षणीय नाही.

यंत्राला काही खुणा पटकन दिसतात. बातमीत तारीख, ठिकाण, विरुद्ध मत आणि अप्रिय आकडे असतात. जाहिरात-लेखात विशेषणे अधिक, एकाच संस्थेच्या माणसांची अवतरणे, आणि अखेरीस संपर्काची वा नोंदणीची सोय असते. बातमी ‘काय घडले’ हे सांगते. जाहिरात-लेख ‘तुम्ही काय करावे’ इकडे वाचकाला हळूहळू नेतो. दुसरी खूण पुनरावृत्तीची. २००९ मध्ये तीन दैनिकांतील एकसारखा मजकूर शोधण्यास जागरूक पत्रकाराची नजर लागली. आज हजारो पाने तपासून, चार शब्द फिरवून पुन्हा वापरलेला मजकूरही यंत्र काही क्षणांत जुळवून दाखवू शकते. तिसरी खूण पानाच्या पोटात दडलेली असते. पैसे घेऊन दिलेल्या लिंकसाठी सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने ‘स्पॉन्सर्ड’ अशी एक संगणकीय खूण सुरू केली. ती वाचकाच्या डोळ्यांना दिसत नाही. पानाची अंतर्गत संहिता वाचणाऱ्या साधनाला दिसते. म्हणजे जी गोष्ट वाचकाला ठळकपणे सांगितली जात नाही, तीच शोधयंत्राला मात्र निमूटपणे कळविलेली असू शकते. अर्थात नुसता मजकूर उचलून चॅटबॉटपुढे ठेवला, तर ही तिसरी खूण त्यालाही सापडणार नाही, हे लक्षात असू द्यावे.

टक्केवारीचा हिशेब

तथापि ‘९० टक्के अचूक’ या शब्दांनी हुरळून जाण्याचे कारण नाही. एक काल्पनिक हिशेब करून पाहावा. समजा, एखाद्या वाचकासमोर १,००० बातम्या आल्या, आणि त्यांपैकी ५० वेषांतर केलेल्या जाहिराती आहेत. यंत्र दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे. ते ५० पैकी ४५ जाहिराती पकडील, ५ सोडून देईल. परंतु उरलेल्या ९५० खऱ्या बातम्यांपैकी १० टक्क्यांवर, म्हणजे ९५ बातम्यांवरही ते जाहिरातीचा शिक्का मारील. एकूण शिक्के १४०. त्यांपैकी बरोबर ४५. म्हणजे यंत्राने ‘जाहिरात’ म्हटलेल्या दर तीन मजकुरांपैकी जेमतेम एकच खरोखर जाहिरात असेल. ज्या वाचकाला हे गणित ठाऊक नाही, तो यंत्राच्या साक्षीने दोन प्रामाणिक वार्ताहरांना दोषी ठरवून मोकळा होईल.

शिवाय यंत्राला शिकविण्यासाठी जे नमुने लागतात, ते बहुधा प्रकाशकांनी स्वतःच जाहिरात म्हणून नोंदलेले असतात. जो मजकूर कधीच उघड केला गेला नाही, त्याचा नमुना यंत्राला मिळणार कोठून? उघड जाहिरातीसारखी दिसणारी गोष्ट ते सहज ओळखील. कसलेल्या लेखणीने, विरोधी मताची चिमूट टाकून लिहिलेली विकाऊ बातमी त्याच्या हातून निसटेल. मराठीच्या बाबतीत अडचण आणखी आहे. इंग्रजीच्या तुलनेने मराठीचे नमुने थोडे. त्यात आपल्याकडील सत्कार, वर्धापनदिन आणि उद्‌घाटन यांच्या बातम्यांची भाषा मुळातच गौरवपर. गावच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेचे साधे वृत्त यंत्राला जाहिरात वाटेल. उलट, काय छापावे यासाठी नव्हे तर काय छापू नये यासाठी जेव्हा पैसे दिले जातात, तेव्हा यंत्रापुढे तपासण्यास मजकूरच नसतो.

वेष शिवणारे यंत्र

दुसरी बाजूही नजरेआड करून चालणार नाही. वेष ओळखणारे यंत्र आणि वेष शिवणारे यंत्र ही एकाच कारखान्यातील आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘फ्यूचरिझम’ या प्रकाशनाने उघडकीस आणले की, ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ या अमेरिकेतील प्रतिष्ठित नियतकालिकाच्या संकेतस्थळावर विक्रीच्या वस्तूंची परीक्षणे ज्या लेखकांच्या नावावर होती, त्यांतील काही लेखक अस्तित्वातच नव्हते. त्यांची छायाचित्रेसुद्धा संगणकाने निर्माण केलेली होती. मजकूर बाहेरच्या कंपनीने पुरविला होता. अशा कंपनीला आपला मजकूर प्रसिद्धीपूर्वी ओळखयंत्रापुढे ठेवून, शिक्का पडेनासा होईपर्यंत बदलत राहणे कठीण नाही.

एवढेच नव्हे, तर ज्या चॅटबॉटला वाचक सल्ला विचारतो, त्याचे स्वतःचे उत्पन्नही जाहिरातीकडे झुकू शकते. ‘परप्लेक्सिटी’ या उत्तरे देणाऱ्या सेवेने नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत प्रायोजित प्रश्न दाखविण्याचा प्रयोग सुरू केला. ते प्रश्न प्रायोजित असल्याचे नमूद केलेले होते, हे खरे. परंतु सल्ला देणारा आणि जाहिरात घेणारा एकच झाला, की त्याच्या तटस्थतेविषयी वृत्तपत्राला जे प्रश्न विचारले गेले तेच त्यालाही विचारले पाहिजेत.

विचारायचे काय?

याचा अर्थ साधन टाकून द्यावे असा नव्हे. त्याला चुकीचा प्रश्न विचारू नये, एवढाच अर्थ आहे. ‘ही जाहिरात आहे काय?’ हा चुकीचा प्रश्न होय. कारण त्याचे उत्तर मजकुरात नसून कोणाच्या तरी हिशेबवहीत आहे. योग्य प्रश्न निराळे आहेत. या मजकुरातील कोणती विधाने पडताळून पाहता येण्याजोगी आहेत? कोणत्या दाव्याला आधार दिलेला नाही? यात कोणाचे म्हणणे यावयास हवे होते आणि आलेले नाही? यावर विश्वास ठेवून वाचकाने कृती केली, तर लाभ कोणाचा? हाच मजकूर अन्यत्र, अन्य नावाने प्रसिद्ध झाला आहे काय? या प्रश्नांची यंत्राने दिलेली उत्तरे वाचकाला स्वतः तपासता येतात. आणि तपासता येणारे उत्तर हेच उपयुक्त उत्तर होय.

शिक्षकांना यातून एक चांगला पाठ घेता येईल. वर्गात दहा मजकूर द्यावेत. त्यांत काही बातम्या, काही उघड जाहिरात-लेख, काही संशयास्पद असावेत. प्रथम विद्यार्थ्यांनी आपला निर्णय कारणांसह लिहावा, मग यंत्राचे मत घ्यावे, आणि जेथे दोघांत मतभेद होईल तेथे वादविवाद व्हावा. यंत्राचे मत आधी दिले, तर विद्यार्थी त्याखाली सही करण्यापलीकडे काही करणार नाही. ज्या ठिकाणी विद्यार्थी बरोबर आणि यंत्र चूक ठरेल, तेथेच त्याला स्वतःच्या विचारशक्तीचा भरवसा येईल. आणि जेथे पैशाचा, औषधाचा वा मताचा प्रश्न आहे, तेथे यंत्र काहीही म्हणो, मूळ ठिकाणी जाऊन पाहण्याची सवय त्याला लावली पाहिजे. गुंतवणुकीचा सल्ला देणारी संस्था सेबीकडे नोंदलेली आहे की नाही हे सेबीच्या संकेतस्थळावर पाहता येते. त्यासाठी कोणत्याही बुद्धिमान यंत्राची गरज नाही.

जबाबदारी कोणाची?

मुख्य प्रश्न शेवटी जबाबदारीचा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या १३ ऑनलाइन क्लृप्त्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत ‘वेषांतरित जाहिरात’ ही एक क्लृप्ती म्हणून नोंदलेली आहे, आणि मजकूर जाहिरात असल्याचे उघड करण्याची जबाबदारी तो प्रसिद्ध करविणाऱ्या विक्रेत्यावर वा जाहिरातदारावर टाकलेली आहे. हे पाऊल योग्यच आहे. परंतु वाचक ज्याच्यावर विश्वास ठेवतो तो जाहिरातदार नसून प्रकाशक असतो. पैसे घेतले आहेत हे निश्चितपणे जाणणारा, आणि ते वाचकाला सांगू शकणारा, तोच होय.

तेव्हा मागणी करावयाची ती त्याच्याकडे. एकच ठरलेला मराठी शब्द असावा, आणि तो ‘जाहिरात’ हाच असावा. तो मथळ्याच्या वर, मथळ्याइतक्याच ठळक अक्षरात असावा. मजकूर व्हॉट्‌सॲपवरून पुढे पाठविला गेला तरी तो शब्द सोबत जावा. आणि तीच नोंद संगणकाला वाचता येईल अशा रीतीने पानातही असावी. एवढे झाले तर यंत्राला अंदाज बांधावे लागणार नाहीत. उघड केलेली माहिती वाचकाच्या नजरेस आणून देणे, हे त्याला खरोखर जमण्यासारखे काम त्याच्याकडे उरेल. हे होईपर्यंत वाचकाने यंत्राची मदत अवश्य घ्यावी. मात्र प्रकाशकाने जे सांगावयास हवे ते यंत्र ओळखून काढील, या समजुतीने प्रकाशकाला कर्तव्यातून मोकळे करू नये. तसे झाले, तर प्रामाणिकपणाचा खर्च वाचवून फसवणूक ओळखण्याचा सारा भार वाचकाच्याच शिरावर टाकला जाईल, आणि तो व्यवहार त्याला सर्वांत महाग पडेल.